एसी गार करतो, हवा बदलत नाही

स्प्लिट एसी बसवताना भिंतीला जे भोक पाडतात त्यातून काय जातं ते एकदा नीट बघा. तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर आणि पाणी काढणारा पाइप. बस. नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. आतल्या युनिटचा पंखा खोलीतलीच हवा वरून ओढतो, गार कॉइलवरून नेतो आणि खालून खोलीतच परत सोडतो. बाहेरच्या हवेचा एक थेंबही त्यात येत नाही. तरीही "आमच्याकडे एसी आहे, हवेचा प्रश्न नाही" हे वाक्य क्लासपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. गारवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संसर्ग पसरण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसरी.

पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, तसा एक हॉल डोळ्यांसमोर आणू. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे १८० घनमीटर हवा. त्यात ४० टेबलं. काचा बंद, दोन एसी चालू, दाराला ऑटोमॅटिक क्लोजर. शांत बसून अभ्यास करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४० जणांचे झाले ७२० लिटर. हवा अजिबात बदलली नाही तर या हॉलमधलं प्रमाण तासाला ४,००० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ४,००० भागांनी) वाढतं. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतं. म्हणजे सकाळी सगळी टेबलं भरल्यावर नऊ मिनिटांत आकडा १,००० पार.

अर्थात कुठलीही खोली पूर्ण बंद नसते. दार उघडतं, फटी असतात. त्यातून तासाला एकदा सगळी हवा बदलते असं धरलं, तरी आकडा चढत चढत ४,४०० च्या आसपास जाऊन स्थिरावतो. याचा अर्थ नेमका काय? माणसाने बाहेर सोडलेल्या श्वासात सुमारे ३८,००० पीपीएम, म्हणजे ३.८ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्यापेक्षा ४,००० जास्त म्हणजे खोलीतली साडेदहा टक्के हवा कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेली आहे. ढोबळमानाने दर दहावा श्वास उष्टा. त्या ४० जणांत एकाला निदान न झालेला फुप्फुसाचा टीबी असेल, किंवा फ्लू अंगात मुरत असेल, तर शेजारच्यालाच नव्हे, समोरच्या कोपऱ्यात बसलेल्यालाही त्याचा वाटा मिळतो. आणि अभ्यासिकेत माणूस रोज दहा-बारा तास बसतो, महिनोन्महिने.

कार्बन डायऑक्साइड इथे स्वतः गुन्हेगार नाही. एवढ्या प्रमाणात तो फार तर डोकं जड करतो, पेंग आणतो. तो फक्त सांगतो की खोलीत किती श्वास साठलाय.

श्वासाबरोबर जे कण बाहेर पडतात त्यांचा हिशोब त्यांच्या आकारावर चालतो. मोठे थेंब दीड-दोन मीटरच्या आत खाली पडतात. पण ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो, आणि १ मायक्रॉनचा बारा तास. खोलीतली हवा तर कधीच स्थिर नसते, पंखा आणि माणसांच्या अंगाची ऊब तिला ढवळत असते. असे कण तरंगतच राहतात. टीबी, गोवर आणि कांजिण्यांच्या बाबतीत हे फार पूर्वीपासून माहीत होतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी टीबी वॉर्डमधली बाहेर टाकली जाणारी हवा नळातून वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांकडे नेली. रुग्ण आणि प्राणी एकमेकांच्या दृष्टीसही पडले नाहीत, तरी गिनीपिगांना टीबी झाला. कोविडच्या वेळी मात्र जगाने कितीतरी महिने हात धुण्यावर आणि टेबलं पुसण्यावर घालवले. भारतात केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हवेवाटे होणारा प्रसार आणि व्हेंटिलेशन यांवर ठळक सूचना काढल्या त्या मे २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना.

एसीने काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण चीनमधल्या ग्वांगझूचं आहे. २४ जानेवारी २०२० ला एका रेस्टॉरंटमध्ये तीन कुटुंबं शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवली. एकालाच आधीपासून लागण होती, पण पुढच्या काही दिवसांत तिन्ही कुटुंबांतले मिळून दहा जण आजारी निघाले. त्या कोपऱ्यातल्या एसीची हवा याच तीन टेबलांवर गोल फिरत होती. एक्झॉस्ट पंखे बंद होते. संशोधकांनी नंतर मोजलं तेव्हा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा मिळत असल्याचं दिसलं. जागतिक आरोग्य संघटना घर आणि रुग्णालय सोडून इतर इमारतींसाठी माणशी सेकंदाला १० लिटर सांगते.

आणि उलट बाजूचं उदाहरण तैपेईचं. तिथल्या एका विद्यापीठात टीबीचा उद्रेक झाला. वर्गांमध्ये कार्बन डायऑक्साइड ३,२०० च्या आसपास होता. हवेची सोय सुधारून तो ६०० पर्यंत आणला. संपर्कातल्या लोकांची तपासणी आणि प्रतिबंधक औषधं यांचा परिणाम वेगळा काढूनही, १,००० च्या खालच्या हवेचा संबंध नव्या टीबीत ९७ टक्के घट होण्याशी दिसला. जगातल्या टीबी रुग्णांपैकी चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथल्या प्रत्येक क्लासचालकाने हा आकडा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

माणशी १० लिटर मिळाले तर आपल्या हॉलचं काय होईल? ४० जणांना सेकंदाला ४०० लिटर, म्हणजे तासाला १,४४० घनमीटर. हॉलची सगळी हवा तासात आठ वेळा बदलते. कार्बन डायऑक्साइड ९२० वर थांबतो. दर दहाव्या श्वासाऐवजी साधारण दर शहात्तरावा श्वास उष्टा.

मोजायचं कसं

कार्बन डायऑक्साइड मीटर घेताना आत "एनडीआयआर" सेन्सर आहे का ते बघा. इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला गेला यावरून तो मोजतो. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांत दुसराच सेन्सर असतो, तो हवेतली इतर रसायनं हुंगून आकडा अंदाजाने बनवतो. ओळखायची सोपी युक्ती: हातावर सॅनिटायझर घेऊन मीटरजवळ चोळा. आकडा एकदम उसळला तर ते यंत्र कामाचं नाही, कारण अल्कोहोल म्हणजे कार्बन डायऑक्साइड नव्हे. खरं यंत्र अल्कोहोलकडे ढुंकून बघत नाही, पण त्यावर फुंकर मारली की झटकन दोन-तीन हजारांवर जातं. आणि गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की ४००-४५० दाखवतं. बहुतेक मीटर आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं समजून स्वतःला जुळवून घेतात. त्यामुळे बारा महिने कोंदट खोलीतच ठेवलेला मीटर हळूहळू खोटं, म्हणजे कमी सांगायला लागतो. आठवड्यातून एकदा त्याला बाहेर ठेवायचं.

खोलीत तो बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवा, एक ते दीड मीटरवर. खिडकीत नको, एसीच्या झोताखाली नको, कुणाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर तर मुळीच नको. खोली पूर्ण भरल्यावर तासाभराने वाचलेला आकडा खरा. रिकाम्या वर्गात ४५० आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

हवा तासाला किती वेळा बदलते हेही याच मीटरवर कळतं. सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले, की दारं-खिडक्या-पंखे नेहमी असतात त्याच स्थितीत ठेवून आकडा लिहून घ्या. समजा १,९२० आहे. त्यातून बाहेरचे ४२० वजा केले, उरले १,५००. हा जादा भाग ३७ टक्क्यांवर, म्हणजे साडेपाचशेवर यायला, मीटरवर ९७५ दिसायला किती मिनिटं लागतात ते बघा. ६० ला त्या मिनिटांनी भागायचं. १५ मिनिटं लागली तर तासाला चार वेळा, ४० लागली तर दीड वेळा. मोजणाऱ्याने खोलीत थांबू नये, त्याचा श्वासही मिसळतो. २०२३ पासून अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था तासाला निदान पाच वेळा असं सांगते. गर्दीच्या खोलीत मात्र माणशी लिटरचा हिशोबच धरावा, कारण पाच वेळा बदलली तरी माणसं दाटीवाटीने बसली असतील तर पुरत नाही.

एक्झॉस्ट फॅन, आणि तो का चालत नाही

आता दुरुस्ती. बंद हॉलसाठी सगळ्यात खात्रीचा आणि स्वस्त उपाय म्हणजे एक्झॉस्ट, पण बसवलेल्या एक्झॉस्टपैकी कितीतरी नुसते फिरत असतात.

पहिली चूक: आत यायला वाट नाही. पंखा हवा बाहेर टाकणार, पण तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. खिडक्या सिलिकॉनने बंद, दाराला खालून रबर, आणि वर एक्झॉस्ट भणभणतोय. पाती फिरतात, हवा जागच्या जागी घुसळते. तपासायला एक अगरबत्ती पुरते. दार दोन बोटं किलकिलं करून फटीपाशी धरा. धूर जोरात आत ओढला गेला तर समजा पंखा उपाशी आहे, त्याला हवा कमी पडतेय. धूर हललाच नाही तर पंखा काही बाहेर टाकतच नाहीये. आपल्या १,४४० घनमीटरसाठी आत येणारी हवा सेकंदाला मीटरभर वेगाने यायची असेल तर मोकळी जागा साधारण ०.४ चौरस मीटर लागते, म्हणजे ६० सेंटिमीटर बाय ६५ सेंटिमीटरचा झरोका. त्याला मच्छरदाणीची बारीक जाळी लावणार असाल तर दुप्पट धरा. जाळी ढोबळमानाने निम्मा प्रवाह खाते, आणि तिच्यावर धुळीची पुटं चढली की उरलेलाही. जाळी काढून धुता येईल अशी बसवा, वेल्क्रोवर किंवा चौकटीत.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. एक्झॉस्ट आणि उघडी खिडकी शेजारशेजारी. बाहेरची हवा खिडकीतून आली, दोन फूट गेली आणि पंख्यातून बाहेर. मधला हॉल होता तसाच कोंदट. आत येणारी वाट एका टोकाला आणि पंखा दुसऱ्या टोकाला, शक्यतो छताजवळ, म्हणजे हवेला सगळी खोली ओलांडावी लागते.

तिसरी: बाहेरच्या बाजूच्या पट्ट्यांची झडप. पंखा चालू झाला की वाऱ्याने ती उघडते, बंद झाला की पडते. दोन पावसाळ्यांनी बिजागऱ्या गंजतात, कबुतरं घरटं करतात, पट्ट्या चिकटतात. खालून बघणाऱ्याला पंखा चालू दिसतो. महिन्यातून एकदा बाहेर जाऊन पट्ट्या उघडल्यात का ते बघावं.

चौथी चूक शेजाऱ्यावर अन्याय करणारी. एक्झॉस्ट जिन्यात, पॅसेजमध्ये किंवा इमारतीच्या डक्टमध्ये सोडलेला. ती हवा वरच्याच्या न्हाणीघरात जाते. एक्झॉस्ट मोकळ्या आभाळात निघाला पाहिजे, आणि आत येणाऱ्या वाटेपासून लांब.

पंख्याचा आकार इंचांवर घेऊ नका. खोक्यावर घनमीटर प्रति तास लिहिलेलं असतं, ते बघा, आणि ते मोकळ्या हवेतलं आहे हे लक्षात ठेवून दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या. जाळी, झडप, वाकडा पाइप यांत बरंच जातं. एक मोठा भणभणणारा पंखा अभ्यासिकेत कुणी चालू ठेवत नाही, पहिल्याच दिवशी कुणीतरी बटण बंद करतं. त्यापेक्षा कमी फेऱ्यांचे दोन शांत पंखे लावा आणि त्यांचं बटण लाइटच्याच बटणाला जोडून टाका, म्हणजे दिवे आहेत तोवर हवा आहे.

खर्चाचं खरं सांगायला हवं. बाहेर ३५ अंश आणि आत २६ ठेवायचे असतील तर १,४४० घनमीटर हवा गार करायला सुमारे सव्वा टन जादा एसी लागतो, तासाला साधारण सव्वा ते दीड युनिट वीज. पावसाळ्यात हवेतली वाफ काढायची असल्याने आणखी. ४० जणांत वाटलं तर फार नाही. शिवाय एसी २२ ऐवजी २६-२७ वर आणि डोक्यावर पंखा हलका चालू ठेवला तर त्यातलं बरंचसं वसूल होतं. पुण्या-नाशिकसारख्या ठिकाणी वर्षातले कितीतरी महिने संध्याकाळनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गारच असते, तेव्हा एसी बंद करून खिडक्या उघडणं हे बिल आणि आरोग्य दोन्हींच्या सोयीचं. मोठ्या कार्यालयांत डक्टवाला एसी असतो, त्याला ताज्या हवेची झडप असते. वीज वाचवायला ती बंद करून ठेवलेली आढळते. तिथे देखभाल करणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: फ्रेश एअर डॅम्पर किती टक्के उघडा आहे?

"दर तासाला पाच मिनिटं खिडक्या उघडतो" हेही बरेच जण सांगतात. काही न करण्यापेक्षा बरं, पण वरचा हिशोब आठवा: भरलेल्या हॉलमध्ये नऊ मिनिटांत हवा पुन्हा हजारावर. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर पण कायम उघड्या, हे त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

समोरासमोर हा शब्द फार मोलाचा आहे. एका वर्गाच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना प्रत्येकी दीड चौरस मीटर मोकळी जागा आहे आणि वारा सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे झाडाचं पानही जेमतेम हलेल इतका, तर आरपार वाहणारी हवा ढोबळ सूत्राने सेकंदाला ४९० लिटर निघते. ४९ मुलांचा कोटा. तोच वर्ग, तेवढीच खिडकी, पण एकाच भिंतीला, तर वाऱ्याने येणारी हवा २० लिटरही भरत नाही. आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाने थोडी भर पडेल, पण फरक पंचवीस पटींचा आहे. जुन्या जिल्हा परिषद शाळांत एका बाजूला व्हरांडा आणि दुसऱ्या बाजूला खिडक्या असतात, वाड्यांत आणि चाळींत दारावर झरोके असत, ते असं हिशोबाने होतं. पेरूमधल्या लिमा शहरात रॉड एस्कोम्ब आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णालयांतल्या खोल्या मोजल्या, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हवा तासाला ४० वेळा बदलत होती, नव्यांत १७ वेळा. यंत्रावर चालणाऱ्या खास आयसोलेशन खोल्यांचं प्रमाण १२ असतं. आपल्याकडे एसी बसवताना पहिलं काय होतं? दारावरचा झरोका प्लायवुड मारून बंद.

खिडकीचा प्रकारही बघा. १.२ मीटर बाय १.२ मीटरची अॅल्युमिनियमची दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कागदावर १.४४ चौरस मीटर असते. उघडते निम्मीच, ०.७२. तिला बारीक जाळी, म्हणजे हवेच्या हिशोबाने ०.३६. चौथा हिस्सा. बाहेर उघडणारी जुनी लाकडी तावदानं पूर्ण उघडतात. नवं घर किंवा क्लास बांधताना हा एक बदल विनाखर्च करता येतो. इमारतींच्या मधलं अंतर मात्र एकट्याच्या हातात नसतं. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींत इमारती तीन-तीन मीटरवर उभ्या आहेत, आणि २०१८ मध्ये पुढे आलेल्या पाहणीत तिथल्या खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर टीबी जास्त आढळला. खिडकी आहे, पण तिच्यासमोर वारा यायला आभाळच नाही. अशा घरात दार आणि खिडकी आरपार उघडी ठेवून खिडकीत एक्झॉस्ट, एवढंच उरतं, आणि तेही करावंच.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या वाचकांकडे एक फार चांगलं यंत्र आधीच आहे: कूलर. खिडकीच्या बाहेर बसवलेला डेझर्ट कूलर ओल्या ताट्यांतून बाहेरचीच हवा ओढून आत ढकलतो, तीही तासाला हजारो घनमीटर. व्हेंटिलेशनच्या दृष्टीने तो एसीपेक्षा सरस आहे. अट एकच, समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. तोच कूलर खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवला की तो एसीसारखाच आतली हवा फिरवतो, वर दमटपणा वाढवतो. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे कूलर गार करत नाही, तिथे एक्झॉस्टच.

दवाखान्यात हवा किती यापेक्षाही ती कुठून कुठे जाते हे आधी बघायचं. ती डॉक्टरांच्या पाठीमागून येऊन रुग्णाच्या पाठीमागून बाहेर गेली पाहिजे. अनेक छोट्या दवाखान्यांत नेमकं उलटं असतं: रुग्ण दाराकडे, डॉक्टर आतल्या बंद भिंतीला टेकून, आणि हवा दारातून रुग्णावरून डॉक्टरांकडे. टेबल फिरवणं हा फुकटचा उपाय आहे. खोकणाऱ्यांना बाहेरच्या ओट्यावर किंवा व्हरांड्यात बसवा, बेडका तर मोकळ्यावरच घ्यावा. मुंबईतल्या तीन-साडेतीन मीटरच्या वेटिंग रूममध्ये पंधरा माणसं बसतात, तिथे एक्झॉस्ट हा चैनीचा भाग नाही.

घरात कुणाला टीबी, कोविड, फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर खिडकीत बाहेर तोंड करून पंखा लावा आणि खिडकीची उरलेली जागा पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर पंख्याच्या बाजूनेच हवा परत आत येते. खोलीचं दार लावलेलं, खालची फट तेवढी मोकळी, घरातल्या इतर खिडक्या उघड्या. अगरबत्तीचा धूर दाराखालून खोलीत जाताना दिसला पाहिजे. खोलीतून घरात येत असेल तर काहीतरी उलटं बसलंय. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत साधारण ३१ घनमीटर हवा असते. छोट्या सहा इंची एक्झॉस्टने प्रत्यक्षात तासाला शंभरेक घनमीटर काढली तरी तासाला तीन वेळा हवा बदलते, आणि रुग्ण बाहेर गेल्यावर तरंगणारे ९९ टक्के कण निघून जायला दीड तास लागतो. झाडलोट त्यानंतर.

इथे एक धोका सांगायलाच हवा. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ मध्ये सार्सचे ३०० हून जास्त रुग्ण झाले. न्हाणीघरातल्या मोऱ्यांचे ट्रॅप, म्हणजे पाणी साठून पाइपातली हवा अडवणारे वाकडे भाग, कोरडे पडले होते आणि दार लावून एक्झॉस्ट चालू केला की ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात ओढली जात होती. ताकदीचा एक्झॉस्ट लावाल तिथे आत यायची वाट मोकळी ठेवा आणि न वापरातल्या मोरीत आठवड्याला तांब्या-दोन तांबे पाणी ओता. मोरीतून वास यायला लागणं ही त्याची पहिली खूण.

एअर प्युरिफायरचं काम वेगळं आहे. तो हवा बदलत नाही, त्यामुळे मीटरवरचा आकडा हलणार नाही, पण तरंगणारे कण त्यातल्या हेपा नावाच्या अतिबारीक फिल्टरमध्ये अडकतात, विषाणू वाहणारेही. दिवाळीच्या आसपास आणि हिवाळ्यात बाहेरच धूर असतो, किंवा खिडकीखाली कुणी कचरा जाळतं, तेव्हा खिडक्या थोड्या कमी उघडून प्युरिफायर लावणं शहाणपणाचं. खोक्यावर सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. ३०० घनमीटरचं यंत्र आपल्या १८० घनमीटरच्या हॉलला तासाला पावणेदोन वेळा पुरतं. पाच वेळा हवी असेल तर तीन यंत्रं, तीही पूर्ण वेगावर. तो आकडा पूर्ण वेगाचाच असतो, आणि आवाज नको म्हणून सगळ्यात हळू वेगावर ठेवलं की त्याचा छोटासा भागच उरतो. भिंतीला चिकटवून, पडद्यामागे, सोफ्याच्या खाली ठेवू नका. आयनायझर, ओझोन सोडणारी यंत्रं, फवाऱ्यांनी खोली "सॅनिटाइझ" करणं यांवर पैसे घालवू नयेत. ओझोन फुप्फुसाला त्रास देतो, आणि फवारणी संपल्यानंतरच्या पुढच्याच मिनिटाला माणूस पुन्हा श्वास सोडतो.

आणि ताजी हवा हे जवळून होणाऱ्या संसर्गावरचं औषध नाही. हातभर अंतरावर समोरासमोर बसून तासभर बोलणाऱ्या दोघांमध्ये श्वासाचा झोत थेट जातो, खोलीत कितीही हवा असली तरी. तिथे अंतर, नाहीतर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क. टीबीच्या रुग्णाने योग्य औषधं सुरू केली की साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासूनचा धोका बराच उतरतो. तोवरचे आणि निदान व्हायच्या आधीचे दिवस हवेने सांभाळायचे असतात. निदान व्हायच्या आधीचे तर फक्त हवेनेच, कारण तेव्हा कुणालाच, त्या रुग्णालाही, काही माहीत नसतं.